पाटीवरची वीस मिनिटं

लोकलमध्ये नेटवर्क गेलं म्हणून भाग अर्धवट राहिलेल्यांसाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून टाकतोय. बोलण्यातले 'म्हणजे' शक्य तेवढे गाळलेत.

आजचा विषय आहे रांगेचा आकडा. 'अंदाजे थांबण्याची वेळ: २० मिनिटं' असं स्क्रीनवर दिसतं ना, तोच. सुरुवात माझ्यापासूनच करतो.

बीटेक झाल्यावर माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही दवाखान्यांसाठी टोकनची सिस्टिम बनवायचो. वेटिंग रूममधल्या टीव्हीवर तुमचा नंबर आणि अंदाजे वेळ दिसायची. एका क्लायंटनं सांगितलं, वेळ कितीही होऊ दे, स्क्रीनवर वीस मिनिटांच्या वर आकडा जाऊ द्यायचा नाही, नाहीतर पेशंट उठून दुसरीकडे जातात. एका ओळीचं काम होतं. मीच केलं. पुढे तीच सिस्टिम बऱ्याच ठिकाणी बसली.

सहा महिन्यांनी आईचा फोन आला. "अरे, इथं वीस मिनिटं दाखवतायत. तासभर झाला, अजून वीसच आहेत. बिघडलंय का रे हे?" मी म्हणालो, "गर्दी असेल गं." ती ओळ माझी आहे हे काही सांगितलं नाही.

त्या रात्री मी शोधायला लागलो की हा आकडा आला कुठून. फिरत फिरत पोचलो अम्युझमेंट पार्कमध्ये. कारण रांगेची वेळ मोजणं, दाखवणं आणि शेवटी विकणं, हे सगळं तिथं जितकं उघड्यावर झालंय तितकं दुसरीकडे क्वचितच झालं असेल.

वही होती तेव्हा

१७ जुलै १९५५. कॅलिफोर्नियात अनाहाइमला डिस्नेलँड उघडलं. पहिल्याच दिवशी खोटी तिकिटं घेऊन इतके लोक घुसले की आमंत्रितांपेक्षा कितीतरी जास्त गर्दी झाली. त्याच वर्षी तिथं तिकिटांची वही सुरू झाली. ए, बी, सी अशी कुपनं. साध्या राइडला ए, भारीतल्या राइडला वरचं अक्षर. १९५९ मध्ये ई आलं. ई म्हणजे एकदम टॉप. हा शब्द अमेरिकेत इतका रुळला की १९८३ मध्ये अंतराळात जाऊन आलेल्या सॅली राइडनंही आपल्या उड्डाणाला ई तिकीटच म्हटलं होतं.

आता गंमत बघा. वहीत ई कुपनं मोजकीच असायची, त्यामुळे गर्दी आपोआप वाटली जायची. १९८२ मध्ये वह्या बंद झाल्या. एकदा आत आलात की काहीही, कितीही वेळा. मग सगळे पळणार कुठं? ई वाल्या राइडकडेच. आधी कुपन मोजून द्यायचो, आता वेळ द्यायची. माणसाचे तास हेच चलन झालं.

तीनच वर्षांनी, १९८५ मध्ये, डेव्हिड माइस्टर यांनी रांगेच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. त्यातला एक मुद्दा असा की किती वेळ लागेल हे माहीत नसलं की तेच थांबणं जास्त लांब वाटतं. पंढरपूरच्या दर्शनबारीत उभं राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून पाटी हवी. पण पाटीवर आकडा कसा लिहायचा?

लाल कार्ड आणि एक सूत्र

सोपी पद्धत म्हणजे नजरेचा अंदाज: रांग या खांबापर्यंत आली की तीस मिनिटं. त्याहून पक्की पद्धत डिस्नेनं वापरली ती लाल कार्डाची. रांगेत शिरणाऱ्या एखाद्या पाहुण्याच्या हातात कर्मचारी लाल कार्ड देतो. राइडपाशी पोचल्यावर ते परत द्यायचं. दोन्ही टोकांना स्कॅन होतं, मधला फरक म्हणजे खरी वेळ.

इंजिनिअर असाल तर यातला दोष लगेच दिसेल. ही वेळ आत्ता पोचलेल्या माणसाची आहे, आत्ता शिरणाऱ्याची नाही. मधल्या काळात पाऊस आला, परेड सुटली, राइड बंद पडली, तर आकडा शिळा.

पुढचा अंदाज बांधायला एक सूत्र आहे. त्याची सिद्धता जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये दिली. आपल्या भाषेत सांगायचं तर, रांगेतली माणसं भागिले दर तासाला आत जाणारी माणसं, म्हणजे थांबण्याची वेळ. रांगेत ६०० जण आहेत आणि राइड तासाला १२०० जणांना घेते, तर अर्धा तास. बास.

हे सूत्र लक्षात ठेवा, कारण १९९९ मध्ये डिस्नेनं फास्टपास आणला. पार्कचं तिकीट मशीनमध्ये घाला, चिठ्ठी मिळेल: दुपारी अमुक ते अमुक वेळेत या, छोट्या रांगेतून आत जा. फुकट, सगळ्यांना. काय बिघडलं?

परत तोच हिशोब करू. समजा १२०० पैकी ६०० जागा फास्टपासवाल्यांना दिल्या. साध्या रांगेत तेच ६०० जण. आता ६०० भागिले ६००, म्हणजे एक तास. रांग तेवढीच दिसतेय, वेळ दुप्पट. नजरेनं अंदाज बांधणाऱ्या माणसाचा हिशोबच मोडला. आता पाटीशिवाय पर्याय नाही, आणि पाटी लिहिणारा सांगेल ते खरं.

लोकांनीच घड्याळ लावलं

इथं आपल्यातलाच एक माणूस येतो. लेन टेस्टा, कॉम्प्युटर सायन्सवाला. कोणत्या क्रमानं राइड घेतल्या तर सगळ्यात कमी थांबावं लागेल, हा प्रश्न त्यानं अभ्यासाला घेतला. कॉलेजात ट्रॅव्हलिंग सेल्समन प्रॉब्लेम शिकलो होतो ना, त्याचाच हा अवघड भाऊ. इथं 'अंतर' दर तासाला बदलतं. त्यातून टूरिंग प्लॅन्स ही साइट उभी राहिली आणि २०१० च्या सुमारास, स्मार्टफोन खिशात आल्यावर, त्यांचं लाइन्स नावाचं ॲप. पार्कमध्ये फिरणारे लोक पाटीवरचा आकडा त्यात टाकायचे. पुढे तर रांगेत शिरताना एकदा आणि राइडवर चढताना एकदा बटण दाबायचं, की खरी वेळ नोंदली जायची. लाल कार्डाचंच काम, फक्त आता कार्ड पाहुण्याच्या मालकीचं.

दोन्ही आकडे शेजारी ठेवल्यावर काय दिसलं? पाटीवरची वेळ बऱ्याचदा खऱ्या वेळेपेक्षा जास्त असते. चाळीस सांगायचं आणि तीसमध्ये बसवायचं. माणूस खूश. शिवाय मोठा आकडा बघून काही जण दुसऱ्या राइडकडे वळतात, गर्दी पांगते. हाँटेड मॅन्शन या भुताच्या राइडबाहेर तर कधी कधी १३ मिनिटं असं लिहिलेलं असतं. तो अंदाज नसून गंमत असते. रांग जवळपास नसतेच.

पार्कवालेही तोवर गप्प बसले नव्हते. २०१० च्या शेवटी न्यूयॉर्क टाइम्सनं फ्लोरिडातल्या डिस्नेच्या कंट्रोल रूमबद्दल लिहिलं होतं. सिंड्रेलाच्या किल्ल्याखाली ही खोली, भिंतीवर स्क्रीन, राइड हिरव्या, पिवळ्या किंवा लाल. एखादी पिवळी झाली की जास्त बोटी सोडा, नाहीतर रांगेतल्यांची करमणूक करायला कॅप्टन जॅक स्पॅरोला पाठवा. रांग कमी करता येत नसेल तर ती कमी वाटू द्या.

आकडा विकायला निघाला

२०२० मध्ये कोविडमुळे पार्क बंद झाले आणि फास्टपासही थांबला. ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लोरिडात त्याच्या जागी जिनी प्लस आलं, माणशी दिवसाला १५ डॉलर. काही राइडचे पैसे त्याहून वेगळे. २०२४ मध्ये प्रीमियर पास आला. पार्क आणि दिवस बघून १२९ ते ४४९ डॉलर, तेही पार्कच्या तिकिटावर.

मी कुणावर आरोप करत नाहीये. फक्त रचना बघा. एकाच ॲपच्या एका स्क्रीनवर लिहिलंय: थांबायची वेळ ९० मिनिटं. पुढच्याच स्क्रीनवर: पैसे भरा, थांबू नका. वेळ सांगणारा आणि सुटका विकणारा एकच. अशा वेळी त्या ९० वर विश्वास ठेवायचा तर बाहेरच्या कुणीतरी ते तपासलेलं असावं लागतं. टूरिंग प्लॅन्सवाल्यांचं, त्या बटण दाबणाऱ्या हौशी लोकांचं खरं काम हे आहे. ते पार्कवाल्यांच्या आकड्याशेजारी दुसरा आकडा ठेवतात.

आमच्या वेटिंग रूममध्ये तो दुसरा आकडा नव्हता. डिस्नेनं वेळ वाढवून सांगितली तर माणूस लवकर सुटतो आणि हसतो. आम्ही कमी करून सांगितली, म्हणजे त्याला खुर्चीत अडकवून ठेवलं. तेही पार्कात मजा करायला आलेल्याला नाही, ताप घेऊन आलेल्याला.

ती कंपनी मी नंतर सोडली. त्या ओळीमुळे नाही, पगारासाठी. खोटं कशाला बोलू. ती ओळ बहुधा अजून कुठंतरी चालू असेल. आता जिथं आहे तिथं मी एक सवय लावून घेतलीय. स्क्रीनवर अंदाज दाखवला की प्रत्यक्षात किती वेळ लागला तेही शेजारच्या कॉलममध्ये साठवायचं आणि दर आठवड्याला टीमसमोर उघडायचं. कधी कधी फार लाज वाटते. पण उघडतो.

तुम्हीही करून बघा. पुढच्या वेळी कुठलंही ॲप '१० मिनिटं' म्हणालं की फोनचं स्टॉपवॉच लावा. चार वेळा लावलं की कोण किती ताणतंय ते कळेल.

या गणपतीत आईला शेवटी सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. ती मोदकांची उकड मळत होती. म्हणाली, "अरे, मग तासच लिहायचा होतास ना. मी घरी जाऊन कुकर लावून आले असते."

चला मंडळी, भेटू पुढच्या भागात.