साथीचा रोग आणि माणसाचा विटाळ

कोल्हापूरच्या उत्तरेस असलेल्या कसबा बावडा येथील लक्ष्मी विलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच्या वर्षांतच करवीर संस्थानाला दुष्काळ आणि प्लेग या दोन्ही आपत्तींना तोंड द्यावे लागले. या भूमीवरून साथींच्या इतिहासाकडे पाहताना एक प्रश्न आमच्यापुढे उभा राहतो. रोगाला दूर ठेवणे कोठे संपते आणि माणसाला दूर ठेवणे कोठे सुरू होते?

१८९४ साली हाँगकाँगमध्ये थैमान घालणारा प्लेग १८९६ साली मुंबईत दिसून आला. तेथेच डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे ही साथ प्रशांत महासागरापलीकडे गेली. जानेवारी १९०० मध्ये होनोलुलू येथे प्लेगची घरे जाळण्यासाठी अधिकाऱ्यांनी लावलेली आग आटोक्याबाहेर गेली आणि चिनी वस्तीतील हजारो माणसे बेघर झाली. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत चिनी वस्तीस वेढा घातला गेला. चिनी व जपानी लोकांनी हाफकिनची लस घेतल्याखेरीज शहर सोडू नये, असा हुकूम निघाला. गोऱ्यांना मात्र ही अट नव्हती. तेथील न्यायालयाने हा हुकूम वंशभेद करणारा ठरवून रोखला. मुंबईत माणसे वाचविण्यासाठी सिद्ध झालेली लस दूरदेशी माणसे वेगळी काढण्याचे साधन बनली. दोष लसीचा नव्हता. ती कोणास सक्तीची करावयाची, हे चेहरा पाहून ठरविणाऱ्यांचा होता.

ही वागणूक केवळ चिन्यांच्या वाट्यास आली असे नाही. एकोणिसाव्या शतकात युरोप पटकीला ‘एशियाटिक कॉलरा’ म्हणत असे, आणि त्या नावातील आशियाई माणसांत आपले पूर्वजही होते. त्याच काळात या महाराष्ट्रात दुसरी वाटही दिसली. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाई फुले यांनी उचलून पुत्र डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोहोचविले. त्यात त्यांना संसर्ग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोगाचे भय सावित्रीबाईंना कळत नव्हते असे नव्हे. विटाळाचे भय त्यांनी केव्हाच टाकले होते.

मार्च १९२० मध्ये शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर माणगाव परिषदेत एका व्यासपीठावर आले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, ईशान्य भारतातील नागरिकांना कोरोनाशी जोडून त्रास दिला जात असल्याने केंद्रीय गृहमंत्रालयास राज्यांना सूचना द्यावी लागली. दिल्लीत एका मणिपुरी तरुणीस ‘कोरोना’ म्हणून तिच्यावर थुंकण्यात आले. एप्रिलमध्ये मुंबईच्या सांताक्रूझ भागातही मणिपूरच्या तरुणीवर थुंकण्याचा प्रकार घडला. रोगाला देशाचे वा लोकांचे नाव देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ सालीच सांगितले होते. तरीही नाव चिकटले ते चेहऱ्याला.

पाली साहित्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आढळतात. विनयातील महावग्गानुसार मगधात कुष्ठ, गंड, किलास, क्षय व अपस्मार हे पाच रोग पसरले असता केवळ जीवकाचे उपचार मिळावेत म्हणून लोक प्रव्रज्या घेऊ लागले. जीवकाच्या विनंतीवरून अशा रुग्णांना प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. हा नियम लपविण्याचे कारण नाही. परंतु तो संघप्रवेशापुरता होता. धम्माचे दार त्याने बंद झाले नाही. उदानातील सुप्पबुद्ध हा कुष्ठरोगी अन्नाच्या आशेने सभेकडे येतो, आणि त्या सभेत धम्म समजून घेण्यास योग्य असा तोच भगवंतांना दिसतो.

त्याच सुत्तात सुप्पबुद्धाच्या पूर्वजन्माची कथा आहे. एका प्रत्येकबुद्धास कुष्ठी समजून तो थुंकला होता, असे ती सांगते. रोगाला पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ मानणे बाबासाहेबांनी नाकारले आहे, व आम्हीही ते मानत नाही. तसे मानल्यास रुग्णावरच दोष लादला जातो. कथेतील एवढे मात्र घेण्याजोगे आहे की, माणसास रोगी ठरवून त्याच्यावर थुंकणे हे तिने भारी अकुशल कर्म गणले.

थुंकीचा अर्थ आम्हांस कोणी समजावून द्यावा लागत नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना थुंकीसाठी गळ्यात मडके बांधावे लागे, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. ज्यांच्या थुंकीचाही विटाळ मानला गेला, त्यांच्या वारसांनी दुसऱ्याच्या डोळ्यांच्या ठेवणीवरून त्यास परका ठरवावे, याहून मोठी विस्मृती नाही. वसतिगृहांत, कचेऱ्यांत ईशान्येकडील मुलांना दिली जाणारी टोपणनावे आपल्याही ओठांवर येतात काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले, ते भदन्त चंद्रमणी महास्थविर ब्रह्मदेशातील आराकानचे होते. २०२० च्या मार्च महिन्यात ते आपल्या रस्त्यांवरून चालले असते, तर त्यांना कोणत्या नावाने हाक मारली गेली असती? साथ पुन्हा येईल. त्या दिवशी तोंडावर पट्टी बांधावी, अंतर राखावे, लस घ्यावी. पण हे नियम सर्वांना सारखे असावेत. रोगापासूनचे अंतर हातांनी मोजावे, माणसाच्या जन्मावरून नव्हे.