दुपारी ३.५०ची भरती

मुंबई, २६ जुलै २००५. समोर दोन तक्ते आहेत. एकात सांताक्रूझ वेधशाळेचा पाऊस, दुसऱ्यात भरती-ओहोटीचं वेळापत्रक. डेटाबेसमध्ये वेळेच्या स्तंभावर हे दोन्ही जोडले की तो दिवस ओळीओळीने पुढे सरकू लागतो.

सकाळी ८.३०. भरतीला ७ तास २० मिनिटं.
हवामान खात्याचा पावसाचा दिवस इथे सुरू होतो. समुद्र उतरतो आहे. दुपारी ३.५०ला ४.४८ मीटरची भरती येणार, हे वेळापत्रकात आधीच छापलेलं आहे.

सकाळी १०च्या सुमारास. सुमारे ६ तास.
ओहोटी. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या याच वेळेच्या हिशेबाने बांधलेल्या: ताशी २५ मिलिमीटर पाऊस, तोही समुद्र खाली असताना. समुद्र चढला की बहुतेक पातमुखं, म्हणजे पाणी समुद्रात सोडणारी तोंडं, बुडतात. मग पाणी बाहेर जायचं सोडून आत रेटलं जातं.

दुपारी २.३०. १ तास २० मिनिटं.
पाऊस कोसळू लागतो.

दुपारी ३.३०. २० मिनिटं.
सरलेल्या एका तासात १९०.३ मिलिमीटर. वाहिन्यांच्या क्षमतेच्या साडेसात पट.

हे दोन तक्ते जोडणारी क्वेरी चुकते ती याच ओळीवर. हवामानाच्या नोंदी पुष्कळदा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत साठवतात आणि वेळापत्रक असतं भारतीय वेळेत. साडेपाच तास मिळवायचे राहिले, तर अडीच ते साडेतीनचा हा पाऊस सकाळी नऊ ते दहाच्या ओळीत जाऊन बसतो. ती वेळ ओहोटीची! तक्ता सांगू लागतो की पाऊस प्रचंड होता, पण समुद्र खाली होता. आकडा एकही खोटा नाही, तरी भरतीचा सगळा दोष पुसला जातो. दुसरी गोष्ट अशी की ३.३०ची पावसाची नोंद ही मागच्या संपूर्ण तासाची बेरीज असते, तर भरतीची उंची त्या क्षणाची. म्हणून पावसासमोर त्या तासातली समुद्राची सर्वांत जास्त उंची मांडायला हवी.

दुपारी ३.५०. शून्य.
समुद्र ४.४८ मीटरवर. भरतीच्या माथ्यावर पाणी लगेच उतरत नाही. बराच वेळ जवळजवळ तिथेच थबकतं. विहार आणि पवईकडून आलेली मिठी नदी माहीमच्या खाडीशी अडते आणि कुर्ला, कलिना भागात पसरते. कुठल्या गल्लीत समुद्र किती वर होता हे विचारायचं, तर आणखी एक रूपांतर लागतं. भरतीची उंची चार्ट डेटम या आधारपातळीपासून मोजतात आणि मुंबईच्या वाहिन्यांची पातळी टाऊन हॉल डेटम या वेगळ्या आधारपातळीपासून. दोन्ही मीटरमध्येच लिहिलेल्या असल्याने चूक नजरेला पडत नाही.

संध्याकाळी ६.३०. भरतीनंतर २ तास ४० मिनिटं.
अडीचपासूनच्या चार तासांत ४८१.२ मिलिमीटर. समुद्र उतरू लागला आहे, पण पाणी चढतंच आहे. लोकल बंद, विमानतळ बंद. माणसं कमरेएवढ्या पाण्यातून घराची वाट धरतात. काहीजण बंद गाड्यांमध्येच गुदमरून जातात. साकीनाक्याला दरड कोसळून वस्ती गाडली जाते.

२७ जुलै, सकाळी ८.३०.
सांताक्रूझची चोवीस तासांची नोंद ९४४.२ मिलिमीटर. त्याच मुंबईत कुलाब्याला ७३.४. शहराची सरासरी काढणारी क्वेरी इथे या दोन्ही ठिकाणांवर अन्याय करते. शिवाय साडेआठला संपणारा पाऊस रिवाजाने तो ज्या दिवशी संपतो त्या दिवसाच्या नावावर लागतो. दैनिक तक्त्यात '२६ जुलै' शोधणाऱ्याला हा पाऊस दिसतच नाही. तो २७च्या रकान्यात असतो.

मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिस हा रोग आला, कारण रस्त्यांवरून वाहिलं ते नुसतं पावसाचं पाणी नव्हतं. त्यात मैला होता, जनावरांचं मूत्र होतं. म्हणून पाण्याच्या तपासणीचा तक्ताही या दोन तक्त्यांना जोडलेला असायला हवा, आणि नमुना भरतीत घेतला की ओहोटीत, हे त्यात लिहिलेलं हवं. खाडीत तेवढ्यानेही पाण्याचा दर्जा बदललेला दिसतो.

अशा नोंदी जे सांभाळतात त्यांना विनंती एवढीच: प्रत्येक आकड्यापुढे वेळ कुठली आणि उंची कुठून मोजली, हे लिहा.