थ्री नॉट थ्रीच्या अंगावरचे ठसे

कामगार चळवळीतल्या माणसाने बंदुकीच्या इतिहासावर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. आम्ही आयुष्यात कधी बंदूक झाडलेली नाही. पण आमचे दिवस कारखान्यांच्या दाराशी गेले आणि लोखंडावरचा ठसा वाचण्याची सवय तिथेच लागली. घडीव वस्तू हाती आली की आम्ही दोन प्रश्न विचारतो : ही कोणी घडवली आणि कोणासाठी? जुन्या लष्करी रायफलीला हे प्रश्न विचारले, तर ती राज्यकर्त्यांच्या मनातली भीतीसुद्धा सांगून जाते.

आपल्याकडे जिला ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतात ती ली-एन्फील्ड. जेम्स पॅरिस ली या संशोधकाचा बोल्ट आणि लंडनजवळच्या एन्फील्ड कारखान्याने ठरवलेले नळीतले आटे, म्हणून हे जोडनाव. ब्रिटिश फौजेने ती 1895 साली स्वीकारली. बोल्ट उचलून मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढे ढकलून खाली दाबला की नवे काडतूस नळीत बसते. पेटीत दहा काडतुसे मावतात. हिचा 1907 सालचा सुधारलेला नमुना आपल्याकडे फार पसरला. बंगालमध्ये हुगळीकाठी इशापूरला, जिथे पूर्वी बंदुकीची दारू होत असे, तिथे तो तयार होई. काडतुसे आपल्या पुण्याजवळ खडकीला होत. त्यांच्या बुडावर ‘के. एफ.’ ही अक्षरे सापडतात.

रायफल ओळखायची, तर लाकडी दस्ता पोलादाला जिथे मिळतो तिथे पाहावे. इंग्रजी अमदानीतली असेल तर मुकुट, राजाची अक्षरे, कारखान्याचे नाव, साल आणि नमुन्याचा आकडा दिसतो. स्वातंत्र्यानंतरची असेल तर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आणि ‘आर. एफ. आय.’ ही अक्षरे. मात्र ठशावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. सरहद्दीवर दर्रा आदमखेलला हातकारागिरांनी असल्या रायफली हुबेहूब घडवल्या. ठसेही उठवले, पण अक्षर उलटे पडे, नाहीतर व्हिक्टोरिया राणीच्या अक्षरांखाली ती वारल्यानंतरचे साल येई. राणी 1901 साली गेली, हे त्या कारागिराला कोण सांगणार? अक्षर न येताही पोलाद घडवणारे हात आम्ही खूप पाहिले आहेत. म्हणून ती चूक पाहून आम्हांला हसू येत नाही.

मोल ठरवताना जाणकार आधी क्रमांक जुळवतात. बोल्ट प्रत्येक रायफलीला वेगळा बसवलेला असे, म्हणून बोल्टवर आणि मुख्य अंगावर एकच क्रमांक मारीत. क्रमांक जुळला नाही तर रायफल दोन तुटक्यांची एक केलेली असू शकते, आणि अशी बेजोड रायफल झाडणाऱ्याच्याच जिवावर बेतू शकते. मग नळीतले आटे झिजलेत का, लाकडाखाली गंज चढलाय का, हे पाहायचे. ‘डी. पी.’ असा ठसा असेल तर ती फक्त कवायतीची. तिच्यातून गोळी झाडायची नाही.

आता रूपांतराकडे वळू. इशापूरजवळच्याच बराकपूरला 29 मार्च 1857 रोजी मंगल पांडे यांनी शस्त्र उगारले. ठिणगी पडली होती ती एन्फील्ड रायफलीच्या काडतुसांवरून. उठाव मोडल्यावर सरकारने हिंदी पलटणींसाठी त्याच घडणीची, पण आटे नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक काढली. दिसायला तीच, पण मारा जवळचा आणि नेम कच्चा. पुढे थ्री नॉट थ्रीचेही तेच झाले. पोलीस आणि पहारेकरी यांच्यासाठी तिची नळी .410 बोअरची गुळगुळीत केली, पेटीत लाकडी ठोकळा बसवला आणि एका वेळी एकच काडतूस राहील अशी सोय केली. लष्कराचे काडतूस तिच्या कामाचे नाही आणि तिचे काडतूस लष्करी रायफलीत चालत नाही. नागरिकाला .303 बोअर वर्ज्य होता, म्हणून शिकारीसाठी .315 बोअरची रायफल निघाली. हत्यार द्यायचे, पण पुरते द्यायचे नाही, हे धोरण पोलादात कोरलेले आपल्याला दिसते.

स्वातंत्र्यानंतरचे रूपांतर मात्र वेगळ्या जातीचे. 1962 च्या युद्धात आपले जवान थ्री नॉट थ्री घेऊनच लढले. त्यानंतर इशापूरने त्याच घडणीची 7.62 मिलिमीटरची रायफल तयार केली. जुन्या रायफलींना नवी नळी लावली, असा समज सर्वत्र आहे. तो चूक आहे. नव्या काडतुसाचा दाब जास्त, म्हणून पोलाद अधिक मजबूत घेतले, पेटी बारा काडतुसांची केली आणि रायफली नव्यानेच घडवल्या. ज्या कारखान्यात आपले लोक परक्यांच्या मापाने काम करीत होते, तिथे आता मापही आपले झाले.

पण हिशेब इथे संपत नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुका घेतलेले मारेकरी शिरले, तेव्हा समोरच्या पोलिसांच्या हाती हीच जुनी थ्री नॉट थ्री होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो 2020 साली. शिपायाला अपुरे हत्यार देताना परक्या सरकारच्या मनात भीती होती. आपल्या सरकारला तर तसे भय नव्हते. मग एवढा उशीर का? हा प्रश्न आम्ही कामगाराच्या हातोडीबद्दल विचारतो, तसाच शिपायाच्या रायफलीबद्दलही विचारला पाहिजे. ज्याला आपण कामावर उभे करतो, त्याला कामाजोगे साधन देणे हे त्याच्यावर उपकार नव्हेत, तो त्याचा हक्क आहे.