५ नोव्हेंबर : वाळूजचा कारखाना

५ नोव्हेंबर १९८५ रोजी औरंगाबादनजीक (आजचे छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथे बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले; उभारणीस अवघे १६ महिने लागले होते.

मोगल सुभ्याची राजधानी म्हणून दप्तरी नोंदल्या गेलेल्या या शहराची आजची खरी मिळकत म्हणजे त्या कारखान्याच्या आश्रयाने वाढलेले, ॲल्युमिनियमचे ओतीव सुटे भाग व शॉक ॲब्सॉर्बर पुरविणारे कारखानदार, आणि मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटरचा फरक नेमका टिपणारे, मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेले कामगार होत. २००१ साली शहराजवळच्या शेंद्र्यात स्कोडाच्या ऑक्टेव्हियाची जुळणी सुरू झाली, तेव्हा बोलबाला साहजिकच मोटारीचा झाला. तथापि कुशल हातांची ही पुंजी वाळूजच्या दुचाकी आणि रिक्षा यांच्या कामावरच आधी जमली होती.