काळ्या-पांढऱ्यातला उजेड

कोल्हापूरचा सिनेमा उभा केला तो चित्रकारांनी, हे आमच्या भागातल्या पुष्कळ लोकांना ठाऊक नसतं. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवायचे. कॅमेरासुद्धा त्यांनी कोल्हापुरातच घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला.

त्या काळी सर्रास मिळणाऱ्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. कपाळावरचं कुंकू, तांबडा फेटा सगळं काळं उतरायचं. निळं आभाळ पांढरंफटक. रंगाचा आधारच नाही, मग माणूस उठून दिसायचा कसा? तर उजेडानं. उजेड कुठल्या अंगानं पाडायचा, सावली किती राखायची, हे चित्रकाराच्या हातात मुरलेलं असतं. कंदिलाच्या उजेडात वाढलेल्या आम्हा खेड्यातल्या माणसांनाही ते समजावून सांगावं लागत नाही. निम्मा चेहरा उजेडात नि निम्मा अंधारात, असंच तर आम्ही रात्री एकमेकांना बघायचो.

पडद्यावर देव आणि राजे नांदत होते त्या दिवसांत, १९२५ साली, बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपट्यांची. जमीन सावकाराच्या घशात जाते आणि शेतकरी शहरात गिरणीची वाट धरतो. तो शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. अंधारात बुडालेली एक झोपडी आणि बाहेर रडणारं कुत्रं, एवढं दृश्य बघणाऱ्यांच्या मनात वर्षानुवर्षं राहिलं.

माझ्या आज्याची तीन एकरं अशीच गहाणखतात गेली. आजी सांगायची, “त्या रातीला घरात दिवा लावला न्हाई.” म्हणून ती झोपडी एकदा डोळ्यांनी बघावी असं मला फार वाटायचं. पण त्या मूकपटाची प्रत आज मिळत नाही. १९३६ साली बाबूरावांनी तीच गोष्ट बोलपटात पुन्हा सांगितली, पण तो पहिला अंधार गेला तो गेलाच.

जुनी फिल्म नायट्रेटची. ठिणगी पडली की भडकायची, नुसती ठेवली तरी कुजायची. कुणी तिच्यातली चांदी काढून घ्यायला ती विकली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ ला. तोवर बहुतेक मूकपट संपले होते. पुढं २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली, त्यातही बरंच जळालं.

जे उरलं त्यात ‘संत तुकाराम’ आहे, १९३६ चा. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, दोघंही बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले, कॅमेरा व्ही. अवधूत यांचा. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. आम्ही मात्र तो जत्रेतल्या तंबूत, मातीत बसून बघितला. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस दिसले की बाया हात जोडायच्या, आणि जिजाई कावली की त्याच बाया खुदकन हसायच्या. तिचं अंगण, तिची म्हैस, सगळं आमच्या वळखीचं. रंग नाहीत हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही.

असले सिनेमे मोबाईलवर उरकू नका. खोलीत अंधार करून, मोठ्या पडद्यावर, पोरांना शेजारी बसवून बघा.

आज्याची जमीन आजही बांधावरून दिसते; सातबारा दुसऱ्याच्या नावावर असला म्हणून काय झालं. ‘सावकारी पाश’मधली ती झोपडी मात्र कुठं जाऊन बघायची?