एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क

एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क : अमेरिकन विज्ञानपट. प्रदर्शन जुलै १९८१. दिग्दर्शक जॉन कारपेंटर; पटकथा कारपेंटर व निक कॅसल. प्रमुख भूमिका : कर्ट रसेल, ली व्हॅन क्लीफ, डोनाल्ड प्लेझन्स, आयझॅक हेज.

कथानक : काळ १९९७. गुन्हेगारी हाताबाहेर गेल्याने अख्खे मॅनहॅटन बेट तुरुंग झाले आहे. समोरच्या किनाऱ्यांवर भिंत, पुलांवर सुरुंग. आत पहारेकरी नाहीत, कैद्यांचेच राज्य. राष्ट्राध्यक्ष तिथे अडकतात. त्यांना सोडवायला स्नेक प्लिस्किन या कैदी माजी सैनिकाला बावीस तासांची मुदत मिळते.

निर्मिती : खर्च सुमारे ६० लाख डॉलर. एवढ्या पैशांत उजाड न्यूयॉर्क उभे करणे शक्य नव्हते, म्हणून बहुतेक चित्रीकरण मिसुरीतील सेंट लुइस येथे झाले. १९७६च्या आगीनंतर त्या परिसरातील काही भाग ओसाड पडला होता. चित्रीकरण रात्री चाले आणि त्यासाठी नगरपालिका वस्त्यांचे दिवे बंद ठेवी. छायालेखक डीन कंडी यांनी अत्यल्प प्रकाशातही चालणारी भिंगे वापरली. या चित्रपटातला काळोख नुसती वातावरणनिर्मिती नाही. शहराचा दिवाबत्तीचा कारभारच संपला आहे, हे तो सांगतो. शेवटच्या पाठलागातला पूल म्हणजे मिसिसिपीवरील जुना चेन ऑफ रॉक्स पूल. कारपेंटर यांनी तो एका डॉलरला विकत घेतला आणि काम झाल्यावर परत केला. अपघात झाल्यास जबाबदारी कोणाची, हा पेच त्यामुळे सुटला.

स्नेक ज्या ग्लायडरने शहरात उतरतो, त्याच्या पडद्यावर हिरव्या रेषांत दिसणारे मॅनहॅटन अनेकांना आजही संगणकाचे काम वाटते. त्या काळी संगणकाकडून असे दृश्य करून घेणे परवडणारे नव्हते. कारागिरांनी शहराची छोटी प्रतिकृती काळी रंगवली, इमारतींच्या कडांना प्रकाश परावर्तित करणारी पट्टी चिकटवली आणि तिच्यावरून कॅमेरा फिरवला. हे काम रॉजर कॉर्मन यांच्या न्यू वर्ल्ड कंपनीतील विशेष-दृश्य विभागाचे. पुढे ‘द टर्मिनेटर’ (१९८४) दिग्दर्शित करणारे जेम्स कॅमेरॉन तेव्हा तिथे होते. रंगवलेल्या पार्श्वभूमींत त्यांचाही हात आहे. हाताने केलेली ही दृश्ये त्या दशकातील भारी खर्चाच्या कित्येक दृश्यांपेक्षा टिकाऊ ठरली आहेत.

संगीत : कारपेंटर व अ‍ॅलन हॉवर्थ, सिंथेसायझरवर.

आशय : पटकथेचा पहिला खर्डा वॉटरगेट प्रकरणानंतरचा. राज्यकर्त्यांवरचा अविश्वास त्यात उघड आहे. मात्र चित्रपटाचा राजकीय कल नेमका कोणता, याबाबत समीक्षकांत मतभेद आहेत. अखेरीस सुटका झालेले राष्ट्राध्यक्ष आपल्यासाठी मेलेल्यांविषयी दोन औपचारिक शब्द बोलतात आणि दूरचित्रवाणीवरच्या भाषणाच्या तयारीकडे वळतात. स्नेकचा पुढचा निर्णय या क्षणातून येतो, म्हणून तो पटतो.

प्रभाव : विल्यम गिब्सन यांनी ‘न्यूरोमॅन्सर’ या आपल्या कादंबरीवरील या चित्रपटाचे ऋण मान्य केले आहे. ‘मेटल गिअर’ या व्हिडिओ गेममधील स्नेक हे पात्रही याच वळणाचे.

उत्तरभाग : ‘एस्केप फ्रॉम एल.ए.’ (१९९६). दिग्दर्शक व नायक तेच, खर्च अनेक पटींनी अधिक. त्यातील संगणकीय दृश्ये मूळ चित्रपटातील प्रतिकृतींच्या जवळपासही जात नाहीत.