संदेश-रांग आणि प्रणाली-हाक

संदेश-रांग : संगणकात स्वतंत्रपणे चालणाऱ्या कार्यक्रमांना परस्परांकडे संदेश पाठविता यावेत म्हणून परिचालन प्रणालीच्या गाभ्यात (कर्नेलमध्ये) राखलेल्या क्रमबद्ध साठ्यास संदेश-रांग म्हणतात. टपालपेटीप्रमाणेच येथे संदेश पाठविणारा व घेणारा एकाच क्षणी उपस्थित असावे लागत नाहीत. रांग गाभ्याच्या संरक्षित स्मृतीत असल्याने कार्यक्रमाला तिला थेट हात लावता येत नाही. गाभ्याला विनंती करावी लागते. या विनंतीस प्रणाली-हाक (सिस्टिम कॉल) म्हणतात. कार्यक्रम लिहिणारा मात्र सामान्यतः लायब्ररीतील फंक्शन वापरतो. फंक्शन व हाक यांतील नाते सर्वत्र सारखे नाही.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांच्या कोलंबस येथील यूनिक्समध्ये ही सोय प्रथम आली व १९८३ मधील ‘सिस्टिम फाइव्ह’ आवृत्तीमुळे तिचा प्रसार झाला. रांग मिळविणे, संदेश पाठविणे, घेणे व रांगेचे नियंत्रण यांसाठी तीत चार फंक्शने होती.

१९९३ च्या पॉसिक्स मानकाने केवळ फंक्शनांचे स्वरूप ठरविले. गाभ्याची रचना मोकळी ठेवली. लिनक्समध्ये २००४ साली ही रांग आली, तेव्हा मानकातील दहा फंक्शनांसाठी सहाच खास हाका पुरल्या. साधे पाठविणे आणि ठराविक मुदतीपर्यंत वाट पाहून पाठविणे या दोहोंस एकच हाक आहे. रांग बंद करण्यास तर फाइल बंद करण्याचीच हाक वापरली जाते; कारण तेथे उघडलेली रांग ही फाइलप्रमाणेच हाताळली जाते.

प्रत्येक हाकेत नियंत्रण गाभ्याकडे जाऊन परत येते व त्यात वेळ खर्च होतो. संरक्षणाचे हे मोल महासंगणकात विशेष जाणवते. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक, स्थापना १९८८) १९९१ मध्ये तयार केलेल्या ‘परम ८०००’ यंत्रात ट्रान्सप्यूटर जातीचे प्रोसेसर होते. संदेश देणे व घेणे या त्यांच्या मूळ यंत्राज्ञाच असल्याने त्यासाठी गाभ्याला हाक देण्याची गरज नव्हती. पुढे ‘परम ९०००’ मध्ये सर्वसाधारण प्रोसेसर आले व ते काम आज्ञावलीकडे गेले.

म्हणूनच मानक फंक्शनांवर विसंबलेला कार्यक्रम गाभा बदलला तरी टिकतो. विशिष्ट हाकेवर वा यंत्राज्ञेवर बेतलेला पुन्हा लिहावा लागतो.